झुरळांचं पार्सल आणि आमचा सव्हाना मॉनिटर

मावसभाऊ नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याचा सव्हाना मॉनिटर, म्हणजे घोरपडीच्या कुळातला एक मोठा सरडा, माझ्याकडे आला. आपली घोरपड नव्हे हं. ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधली, पाळणं गुन्हा. हा आफ्रिकेतला, पण साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये, म्हणून सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. ती झाली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उचललं आणि पहिलं वाक्य: "उंदीर आणि चिकन खिमा बंद." हे प्राणी मूळ मुलखात नाकतोडे, भुंगेरे, वाणी किडे, गोगलगायी खाऊन जगतात. रोज उंदीर दिले की चरबी चढते, यकृत बिघडतं. आणि बिनहाडाच्या खिम्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

किडे आणायचे कुठून? "गिरणाऱ्याला जा, नाकतोडेच नाकतोडे," असं सांगणारे खूप भेटले. पण तिथल्या द्राक्षबागांवर छाटणीनंतर किती फवारण्या होतात हे नाशिककराला सांगावं लागतं का? तसले विषारी किडे नकोत. मत्स्यालयाच्या दुकानातल्या मीलवर्म अळ्या चरबीच्या, कॅल्शियमला कमी. शेवटी पुण्याहून डुबिया झुरळं मागवली.

आणि तिथे अडकलो. नाशकातल्या द्वारकेजवळच्या पार्सल ऑफिसात खोका आलेला, पण काउंटरवरचा माणूस द्यायला तयार नाही. "साहेब, लोक झुरळांचं औषध मागवतात. तुम्ही झुरळं?" मी बिल दाखवलं, पाठवणाऱ्याला फोन लावून दिला. "मोठ्या साहेबांना विचारावं लागेल." साहेब जेवायला. मग साहेब मीटिंगला. मग 'उद्या या'. जानेवारी महिना, निफाडला पारा किती उतरतो ते पेपरात रोज छापून येत होतं, आणि माझा खोका बाहेरच्या ओट्यावर! मिळाला तेव्हा अर्धी झुरळं आडवी. अजून आठवलं की डोकं सणकतं. नियमात बसत नसेल तर घेतानाच नाकारा ना, भाडं घेऊन मग कसली चौकशी?

म्हणून सांगतो, पार्सलच्या भानगडीत पडू नका. स्वतः जाऊन आणा, घरीच पैदास करा. अंड्यांचे ट्रे, गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, 30 अंशांच्या आसपास ऊब. झुरळाचं पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने जातात, तेवढी कळ काढावी लागते. आईला पटवायला एक मुद्दा उपयोगी पडला: डुबिया गुळगुळीत भिंत चढत नाहीत.

खाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी झुरळांना शेवग्याचा पाला, गाजर द्या आणि मॉनिटरला देताना झुरळांना कॅल्शियमची पूड लावा. किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो.

पठ्ठ्याने आधी किड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लठ्ठ होता, म्हणून डॉक्टर निवांत होते, मीच नव्हतो. एका दुपारी चिमट्यातलं झुरळ हिसकावलं आणि मी घरभर ओरडत सुटलो.

हो, राहिलंच: ऊन घ्यायच्या दगडाचा पृष्ठभाग 50 अंशांच्या वर हवा, नाहीतर खाल्लेलं नीट पचत नाही. शिवाय पाण्याचं मोठं टब ठेवा. कोरड्या हवेत शरीरातलं पाणी कमी झालं की यांना गाऊट होतो, म्हणजे युरिक ॲसिड शरीरात साचतं.