राखेचा बुधवार: नाव, हिशेब आणि राख

दरवर्षी ‘हॅपी अ‍ॅश वेन्सडे’ असे संदेश फिरतात. शुभेच्छा देण्याचा हा दिवसच नव्हे. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ या दिवशी सुरू होतो. कपाळाला राख लावताना फादर म्हणतात, “तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील.” उत्पत्तीच्या पुस्तकातलं, तिसऱ्या अध्यायातलं हे वाक्य. आता याला हॅपी काय म्हणायचं?

लॅटिनमध्ये हा ‘दिएस सिनेरुम’, म्हणजे राखेचा दिवस. मराठीत काही जण ‘भस्म बुधवार’ लिहितात. मला ‘राख’च बरी वाटते. भस्म म्हटलं की विभूती आठवते, आणि राख हा शब्द तर आला संस्कृत ‘रक्षा’वरून, तीच रक्षा, जी आपण स्मशानातून गोळा करतो. या दिवसाचा अर्थ तिच्याच जवळचा आहे. वाराची गंमत वेगळी. इंग्रजी वेन्सडे हा वोडन देवाचा वार. रोमनांच्या मर्क्युरीच्या जागी जर्मन लोकांनी वोडनला बसवलं, आणि मर्क्युरी म्हणजे आपला बुध. पोर्तुगीजांनी मात्र वारांना आकडेच दिले, त्यामुळे त्यांचा बुधवार नुसता ‘चौथा’.

गोव्यात या काळाला ‘करेज्म’ म्हणतात. पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’, त्यामागे लॅटिन ‘क्वाद्रागेसिमा’, म्हणजे चाळिसावा. त्याआधी चार दिवस धुमाकूळ घालणारा कार्निव्हल कोकणीत ‘इंत्रुज’. त्याचं मूळ लॅटिन ‘इंत्रोइतुस’, प्रवेश. नाव उपवासाच्या दारावरचं, लक्ष सगळं दाराबाहेरच्या मजेवर! याच काळाचं इंग्रजी नाव ‘लेंट’, त्याचा अर्थ मुळात नुसता वसंत ऋतू, दिवस लांबत जाण्याचा काळ.

उपवासाचे दिवस चाळीस म्हणायचे आणि ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजायचं, हे कसं? मधले ६ रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून. त्यामुळे हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यान कधीही येतो. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीला आला आणि व्हॅलेंटाइनच्या जेवणावर पाणी पडलं. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे.

कॅथलिक नियमात उपवास म्हणजे एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं. ही दोन मिळून पूर्ण जेवणाइतकी होता कामा नयेत. वय १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो पाळायचा. मांस वर्ज्य, आणि ते १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. मासे, अंडी, दूध चालतं. साबुदाण्याची खिचडीही चालते, पण दोन ताटं हाणली तर तो उपवास नाही.

आता राख. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या, घरात क्रूसामागे खोचलेल्या झावळ्या आठवडाभर आधी चर्चमध्ये जमा होतात. हीर काढून टाकलेले बरे. ते नीट जळत नाहीत आणि चाळणीत कोळशाच्या काड्या उरतात. पात्यांमध्ये ओल राहिली तर नुसता धूर होतो. पत्र्याच्या डब्यात, उघड्यावर, थोड्या थोड्या जाळाव्यात. फार वेळ फुलवत ठेवलं तर राख पांढुरकी पडते आणि कपाळावर दिसत नाही. काळपट असतानाच थांबावं, पूर्ण निवल्यावर कुटावी आणि मलमलच्या फडक्यातून गाळावी. टोपलीभर झावळ्यांची जेमतेम वाटीभर राख होते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. वनस्पतींच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. पूर्वी राखेच्या पाण्यात कपडे धूत ते त्याच्याच जोरावर. पाणी घालून लगदा केला, त्यातून मुरू दिला, की तो कपाळाची आग करतो. कातडी भाजल्याचेही प्रकार झालेत. कोरडीच लावावी. टिकत नसेल तर ऑलिव्ह तेलाचे दोनचार थेंब पुरतात.

राख दिवसभर ठेवायचं बंधन नाही. त्याच दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं: उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. उरलेली राख मात्र मोरीत ओतायची नाही, मातीत पुरायची.