नाताळच्या आदल्या दिवशी आलेला आदेश

२०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल घेतलं आणि आम्हा परदेशी धर्मभगिनींना अफगाणिस्तान सोडावं लागलं. मी मूळची वसईची. बामियानमध्ये शिक्षिकांना प्रशिक्षण देत असे; धर्माविषयी कुणाशी बोलायचं नाही, गळ्यात क्रूस घालायचा नाही, हे आम्ही पहिल्यापासून पाळलं होतं. दिल्लीत भोगलला अफगाण निर्वासितांच्या मुलांचे वर्ग घेऊ लागले आणि बामियानचं काम फोनवर चालू ठेवलं. सहावीच्या पुढे मुलींना शाळा नव्हती, म्हणून आमच्या शिक्षिका घरोघरी शिकवत. पगार पोचवणं सर्वांत अवघड. देशाची परदेशातली गंगाजळी गोठवलेली, बँकेतून पैसे निघेनात. हवाला म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण तिथे मोठ्या मदतसंस्थाही पगारासाठी सराफांकडेच, म्हणजे हवाल्याने पैसे पोचवणाऱ्यांकडेच, वळल्या होत्या.

२४ डिसेंबर २०२२, शनिवार. मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे नाताळच्या उपासनेची, तयारी चालली होती, तेवढ्यात शिक्षिकांच्या ग्रुपवर तालिबानच्या अर्थव्यवस्था मंत्रालयाचं पत्र येऊन पडलं: स्वयंसेवी संस्थांमधल्या स्त्रियांनी पुढील आदेशापर्यंत कामावर यायचं नाही, नाहीतर परवाना रद्द. चारच दिवसांपूर्वी मुलींना विद्यापीठंही बंद झाली होती.

पुरुषांकडून वर्ग चालवून घ्यावेत, असं कुणीतरी सुचवलं. ते शक्यच नव्हतं. विधवेच्या घरात परका पुरुष पाऊल कसा टाकणार? मला वाटत होतं, सगळं थांबवावं. कुणाच्या जिवावर बेतलं तर? वयाने मोठ्या शिक्षिकेला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "खाहर जान (ताई), बंद करा म्हणू नका आणि चालू ठेवा असंही म्हणू नका. आमचं आम्ही ठरवू."

तिचं बरोबर होतं. धोका त्यांच्या दारात होता; दिल्लीत बसून धाडस किंवा माघार ठरवण्याचा अधिकार मला नव्हता. माझ्या हातात होतं ते मी केलं. शिकवा किंवा घरी थांबा, पगार चालू राहील, असं सगळ्यांना कळवलं. ग्रुप मोडला, नावांच्या याद्या पुसल्या, पावत्यांवरून संस्थेचं नाव काढलं. मिस्सा चुकली.

दुसऱ्या दिवशी काही मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी निषेध म्हणून काम थांबवलं. आमच्यातल्या काहीजणी घरी बसल्या, एकीला सासऱ्यांनीच अडवलं. बाकीच्यांनी आपल्याच बैठकीच्या खोलीत, भरतकामाच्या नावाखाली मुली बोलावल्या.

देणगीदारांना मी लिहिलं की यापुढे फोटो नाहीत, हजेरीपट नाही, फक्त माझा शब्द. एकाने मदत थांबवली. बाकीचे तयार झाले.