आमच्या वाटणीला काय उरलंय?

रविवार, रात्री

"सगळं शोधून झालंय" हे वाक्य हल्ली मला फार ऐकू येतं, आणि दरवेळी ते विशीच्या आतल्या पोरांच्या तोंडून येतं याचं वाईट वाटतं. आज भाच्यानं तेच म्हटलं. बारावीत जाणार आता, हुशार आहे, उगाच बोलणारा नाही. त्याचं म्हणणं असं की आत्या, चंद्रावर माणूस १९६९ लाच चालून आला, एव्हरेस्ट १९५३ ला झालं आणि आता तिथं रांग लागते, जगातला कुठलाही डोंगर मोबाईलवर वरून बघता येतो, मग आमच्या पिढीनं नवीन जायचं कुठं, रील बघत बसायचं फक्त?

एव्हरेस्टचं मी त्याला लगेच अडवलं. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ ला एव्हरेस्ट चढली, २०२१ ला अन्नपूर्णा, आणि त्या पोरीच्या आधी कोण तिथं गेलं होतं यानं तिचा एकही श्वास सोपा झाला नसणार. पण त्याचा प्रश्न तो नव्हता हे मलाही कळत होतं. त्याला कुणालाच माहीत नाही असं काहीतरी हवंय. त्या वयात ते हवंच असतं आणि मी म्हणते असावंच.

आम्ही तेव्हा ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर होतो. मे महिना, गवत वाळून पिवळं पडलेलं, वाऱ्यानं ओढणी डोक्यावर ठरेना, आणि चहूकडं पवनचक्क्या. लोक इथं येतात, पवनचक्कीखाली फोटो काढतात आणि परत जातात. आम्ही मात्र जांभ्याच्या एका दगडासमोर गपचूप बसून राहिलो कारण त्यावर एक सरडा आला होता. मातकट रंग, बोटाएवढं अंग, बघून कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. मग त्यानं मान वर केली आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली, निळा, काळा आणि केशरी, इतके चमकदार रंग की भाचा ओरडलाच. सरडा पळाला नाही. पंखा मिटला, परत उघडला, दोन पावलं पुढं आला, परत उघडला. नर करतात हे, विणीच्या दिवसात, मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटवायला.

मग मी त्याला सांगितलं की या सरड्याला शास्त्रात स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं ते २०१६ साली. तू तेव्हा शाळेत जात होतास. पवनचक्क्या इथं त्याच्या कितीतरी आधीपासून फिरतायत. म्हणजे आपण इथं रस्ते केले, क्रेन आणल्या, टॉवर उभे केले, वीज पुण्या-मुंबईला नेली, आणि पायाशी जो प्राणी बसला होता तो नेमका कोण हे नंतर कळलं. याच पठारावर दगडाखाली राहणारी एक छोटी पाल आहे, तिला साताऱ्याचंच नाव दिलंय, ते २००८ ला. अंधाऱ्या ॲमेझॉनच्या जंगलात नव्हे, एसटी जाते तिथं.

पुढची गोष्ट तर मला स्वतःला फार आवडते. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी या पठारावर काम केलं आणि २०१८ ला ते छापून आलं. त्यांना दिसलं की पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी, म्हणजे ससाणे, घारी वगैरे, जवळपास चौपट कमी आहेत. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. आणि सरडे नुसते जास्त नाहीत, ते बदललेत, माणूस अगदी जवळ आला तरी पळत नाहीत, रक्तात ताणाचं हार्मोनही कमी. हे शोधायला काय केलं असेल? सरड्याच्या दिशेनं सावकाश चालत जायचं, तो किती अंतरावर पळतो ते मोजायचं, परत दुसऱ्या सरड्याकडं चालत जायचं. उन्हात. दिवसेंदिवस. त्यातून कळलं की पवनचक्कीचं पातं हवेत फिरतं आणि त्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या स्वभावापर्यंत पोचतो. आमचा सरडा का पळाला नाही याचं कारण कदाचित तेच असेल, एका सरड्यावरून मी छातीठोक सांगणार नाही, पण भाचा पाच मिनिटं वर पात्याकडं आणि खाली दगडाकडं बघत होता.

मला वाटतं आपली गफलत इथं होते. एखाद्या जागेचा फोटो निघाला की आपल्याला वाटतं ती जागा कळली. कासला सप्टेंबरात केवढी गर्दी होते, पण तिथली सीतेची आसवं हे इवलंसं जांभळं फूल किडे खाणाऱ्या झाडाचं आहे हे किती जणांना माहीत असतं? त्याचे सापळे खाली ओल्या मातीत असतात, बारीक फुग्यांसारखे, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पाण्यातला जीव आत ओढून घेतात. २०११ च्या एका मोठ्या अंदाजात पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जाती असाव्यात असं निघालं आणि त्यातल्या बहुतेकांना अजून नावच नाही. समुद्राच्या तळाचा नीट मोजलेला नकाशा अजून साधारण पाव भागाचाच झालाय, आपल्याकडं समुद्रयानची तयारी चाललीय, तीन माणसं सहा हजार मीटर खाली न्यायची. ते सगळं आहेच. पण मला समुद्रापर्यंत जायचीही गरज वाटत नाही.

कारण कोयना. आमचे आण्णा पाटण तालुक्यातले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते लहान पोर होते. अजून सांगतात, "भांडी वाजाय लागली, आईनं हाताला धरून भाईर वडलं, आन् मागं बघतोय तर भिंत न्हाई." त्याच्या थोडंच आधी धरण भरायला सुरुवात झाली होती. पाणी खाली भेगांमध्ये मुरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेला खडक सरकतो, एवढं आज कळलंय. पण पुढचा धक्का कधी, ते जगात कुणालाच सांगता येत नाही. तिथं अजून धक्के बसतात. म्हणून आपल्याच जिल्ह्यात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, २०१७ ला ते पूर्ण झालं, काम बघते ती कराडची भूगर्भ संशोधन प्रयोगशाळा. वरचा साधारण सव्वा किलोमीटर सह्याद्रीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या खाली थेट ग्रॅनाईट, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये काही नाही, मातीचा थर नाही, वाळू नाही, दोन दगड एकमेकांना चिकटून आणि त्यांच्या वयात एवढं अंतर. आता त्याहून खोल जायचा विचार आहे. माणसानं आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियात, कोलाला, सव्वाबारा किलोमीटर, आणि पृथ्वीच्या मध्यापर्यंत जवळपास ६,४०० किलोमीटर. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून थोडा जास्तच लांब आहे, तिथं १२ माणसं चालली. आणि आण्णांच्या घराच्या खाली दहा किलोमीटरवर काय चाललंय ते बघायला कुणी पोचलेलं नाही!

म्हणून उरलंय काय हा प्रश्न मला पटतच नाही. खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला टोचते. पोरगं घरी म्हणालं की मला सरड्यांवर काम करायचंय तर घरात काय होईल ते सगळ्यांना माहितीय. नीट, जेईई, नाहीतर एमपीएससी, चौथा रस्ता कुणी दाखवत नाही, कारण त्या रस्त्यावरून जाऊन पोट भरलेला माणूस शेजारीपाजारी दिसत नाही. आमच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या तासाला बेडकाचं चित्र सगळ्यांनी काढलं, पण कोयनेच्या नावाचा एक बेडूक आपल्याच डोंगरात आहे, १९६३ ला त्याची नोंद झालीय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आई-बापांना मी दोष देत नाही, फी भरणाऱ्याला भीती असतेच. पण पोरांना "सगळं झालंय" असं वाटावं एवढी माहिती त्यांच्यापासून लांब ठेवायची आणि मग म्हणायचं या पिढीला कुतूहलच नाही, हे बरोबर नाही.

आणि वेळही नाहीये. पठारावर दरवर्षी नवं काहीतरी उभं राहतं, रिसॉर्ट, प्लॉट, पार्किंग. नाव मिळायच्या आत किती जीव गेले असतील ते मोजायलाही माणूस हवा ना.

भाच्याला गोठण्यातून काढलेला तो ग्रॅनाईट हातात घेऊन बघायचाय. उद्या कराडला फोन लावून विचारणार आहे, विद्यार्थ्यांना बघू देतात का. दादा कुरकुर करेल, क्लास सुट्टीतच सुरू झालेत, पण त्याच्याशी मी बोलेन. आण्णा म्हणाले मीपण येतो, मला बी बघू द्या खाली नेमकं काय हाय ते.