पुणे ते वागातोर: मोटोव्हर्सला गाडीने जाणाऱ्यांसाठी

मोटोव्हर्स म्हणजे रॉयल एनफिल्डचा दरवर्षीचा मोटारसायकल मेळावा, जुनं रायडर मेनिया. २०२३ पासून कंपनीने नाव बदललं, जागा तीच राहिली, उत्तर गोव्यातल्या वागातोरचं हिलटॉप. (बुलेट क्लबांच्या बीओबीएमसी संघटनेचंही रायडर मेनिया असतं. ते दरवर्षी वेगळा क्लब वेगळ्या ठिकाणी भरवतो. नोंदणी करताना या दोघांत गल्लत करू नये.) २०२४चा मेळावा २२ ते २४ नोव्हेंबरला, शुक्रवार ते रविवार होता. महाराष्ट्रात २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं आणि बोटावरची शाई ताजी असतानाच पुण्याहून पाच गाड्या २१ला निघाल्या: तीन क्लासिक ३५०, एक हिमालयन ४५० आणि एक इंटरसेप्टर ६५०.

जाऊन आल्यावरचं मत असं, की गाडीचे हाल होतात ते म्हापशापासून पुढच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये आणि माणसाचे होतात ते परतीच्या दिवशी. पुणे ते सावंतवाडी हा त्यातला सोपा भाग.

रस्ता सुमारे ४४० किलोमीटरचा: पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, तिथून उजवीकडे उत्तूर, आजरा, मग आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. पहाटे पाचला निघावं, कारण सूर्य मावळायच्या आत आंबोली उतरायची आहे आणि नोव्हेंबरात सहाला अंधार पडतो. २०२४ला साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागत होता. बोगदा येणाऱ्यांसाठी होता. साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम चालू होतं. धोका वळणरस्त्यांचा कमी, ते जिथे मूळ रस्त्याला परत मिळतात तिथल्या खडीचा जास्त. डांबराची कड चार बोटं वर असते आणि अंधारात दिसत नाही. अशी कड तिरकी घेतली की पुढचं चाक घसरतं. वेग आधीच कमी करून शक्य तितकी सरळ ओलांडावी.

ऊसतोडीचा हंगाम नेमका याच सुमारास सुरू होतो. कराडपासून निपाणीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस. पहाटे त्यांच्या मागे चिकटून चालू नये. ओव्हरटेक करताना पुढे दुसरी ट्रॉली आहे हे धरूनच चालावं, बहुतेक वेळा असतेच. रस्त्यावर सांडलेली चिपाडं ओली असतील तर शेवाळासारखी निसरडी.

पेट्रोलचं गणित सोपं. क्लासिकची टाकी १३ लिटरची, मालासकट ३० ते ३२चा ॲव्हरेज. पुण्याहून टाकी भरून निघालात तर निपाणीपर्यंत गाडी येते, तिथे भरावी. आजऱ्यात पुन्हा एकदा काटा बघून घ्यावा, कारण तिथून सावंतवाडीपर्यंत पंपांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. घाटात धुकं असलं तर वेळही जातो आणि पेट्रोलही. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त आहे, तेव्हा सावंतवाडीत टाकी काठोकाठ भरायची गरज नाही.

आंबोली उतरताना दुसरा गिअर, इंजिनाचा ब्रेक आणि मागचा ब्रेक थोडा थोडा. न्यूट्रल मारून उतरणारे दरवर्षी दिसतात. पाच-सहा वळणांनंतर त्यांच्या डिस्कचा वास येतो. नोव्हेंबरात पाऊस नसला तरी सावलीतली वळणं दुपारी दोनलाही ओलसर असतात. माकडांना खायला घालणाऱ्या गाड्या वळणावरच उभ्या असतात, हॉर्न वाजवत जावं. अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात आणि काळा गवा दहा मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. उशीर झालाच तर आजऱ्यात किंवा आंबोलीत मुक्काम करावा.

मुंबईकरांसाठी एवढंच: एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्यावरून यायचं तर जुन्या हायवेने. कोकणातून यायचं तर माणगाव पहाटेच पार करावं, दुपारी तिथे तास जातो.

आता गाडी. निघायच्या दहा दिवस आधी सर्व्हिसिंग करावं, आदल्या दिवशी अजिबात नाही. सर्व्हिसिंगनंतर सैल राहिलेला नट पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये बोलतो, तो पुण्याच्या आसपासच बोलू द्यावा. ३५०च्या इंजिनात १५डब्ल्यू-५० ऑइल. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन थोडं चालवून बंद केलेलं आणि चार-पाच मिनिटं थांबलेलं असावं. साइड स्टँडवर बघून ऑइल ओतणारे जास्त भरतात आणि मग एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडतं. चेन ताणताना माल आणि डबल सीट यांचा विचार करावा. वजनाने सस्पेन्शन बसलं की चेन आणखी घट्ट होते. चाक फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि पुस्तिकेत दिलेली ढील तिथे मोजावी. ढिली चेन आवाज करते आणि फार ढिली असली तर निसटू शकते, घट्ट चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. दर ५०० किलोमीटरला वंगण, म्हणजे वागातोरला पोचल्यावर एकदा.

क्लासिकच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. पुढचं चाक १९ इंची, मागचं १८. दोन्ही ट्यूब न्यायला जागा नसेल तर पुढची न्यावी. १९ची ट्यूब मागच्या चाकात तात्पुरती चालते, पण ती मागच्या रुंद टायरला पातळ पडते, म्हणून पंक्चरवाल्यापर्यंत ताशी पन्नासच्या आतच. सोबत टायर काढायचे तीन लिव्हर, हवेचा छोटा पंप आणि मागच्या ॲक्सलच्या नटाला बसणारा लांब दांड्याचा पाना. गाडीसोबतच्या टूलकिटमधल्या आखूड पान्याने तो नट रस्त्यावर सुटत नाही; घरी एकदा सोडवून बघा, मग पटेल. सॅडल बॅग उजवीकडे बांधताना सायलेन्सरपासून लांब, नाहीतर सातारा यायच्या आत प्लास्टिकचा वास येतो. २३ तारखेला मेळाव्यात आलेल्या गोअन क्लासिक ३५०ला तारांची चाकं असूनही टायर ट्यूबलेस आहेत. पांढऱ्या पट्टीच्या टायरपेक्षा जास्त बोलावं अशी गोष्ट ती आहे.

आणि क्लच वायर. नवीन वायर डिकीत नेण्यापेक्षा जुन्या वायरीला लागूनच, त्याच वाटेने ओवून टेपने बांधून ठेवावी. तुटली तर दोन्ही टोकं बदलायची, टाकी हलवायची गरज नाही, दहा मिनिटांचं काम. वायर तुटते ती बहुतेक लिव्हरपाशी, वायरीच्या टोकाच्या मुंडीच्या मुळाशी. लिव्हर दाबून तिथे टॉर्च मारावा. एक जरी तार उसवलेली दिसली तरी बदलावी.

हे सगळं कशासाठी, ते म्हापशानंतर कळतं. दुपारी चारनंतर आसगाव आणि हणजूण या दोन्ही बाजूंनी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. अर्ध्या क्लचवर तासभर गेला की प्लेटा तापून फुगतात, क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. लिव्हर ढिली लागते, म्हणून लोक तिथेच वायर ताणतात. हीच चूक. गाडी थंड झाली की ती वायर घट्ट होते, लिव्हरला मोकळी हालचाल उरत नाही, क्लच घसरू लागतो आणि परतीच्या घाटात प्लेटा जळतात. गाडी कडेला घ्यावी, बंद करावी, पंधरा-वीस मिनिटं थांबावं. पाचपैकी दोन क्लासिकना हे करावं लागलं, बाकी काही करावं लागलं नाही. म्हापशाहून शिवोली–शापोरा बाजूने गेलं तर चार किलोमीटर जास्त पडतात, पण गाडी चालती राहते. त्याहून बरं म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या आत शिरावं.

राहायला वागातोर आणि हणजूण त्या तीन दिवसांत महाग असतात. म्हापसा स्वस्त, पण रोज रात्री तिथवर गाडी चालवत जायची आहे हे विसरू नये. पायी जाता येईल अशा अंतरावर साधी खोली घेतली तर पैसे जास्त गेले तरी पिऊन गाडी चालवायचा प्रश्न उरत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री दोनला थांबलेला माणूस सकाळी आठलाही त्या मर्यादेच्या वर असू शकतो.

हिलटॉपच्या बाहेर पार्किंग म्हणजे तांबड्या मातीचं माळरान. साइड स्टँड त्यात रुततो आणि पहिली गाडी आडवी झाली की रांगच्या रांग झोपते. स्टँडखाली चेपलेला पत्र्याचा कॅन किंवा तळहाताएवढी फळी ठेवावी. गाडी गिअरमध्ये, हँडल डावीकडे वळवून लॉक. आरशाला एखादी रंगीत चिंधी बांधावी, कारण काळ्या क्लासिक शेकड्यांनी असतात आणि रात्री दुसऱ्याच्याच कुलपात किल्ली घालणारे कमी नसतात. आत मोबाइलचं नेटवर्क गर्दीत बसतं. ‘फोन करतो’ असं न ठरवता जागा आणि वेळ ठरवावी.

मेळाव्यात बघण्यासारखं बरंच आहे, पण ज्यांना गाडी समजते त्यांनी वेळ डर्ट ट्रॅकला द्यावा. मातीच्या वळणावर स्वार सीटच्या पुढच्या टोकाला येतो, बाहेरचं कोपर वर, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर, आतला पाय नुसता जमिनीला लागेल एवढा. गाडी झुकते आणि माणूस तिच्यावर जवळजवळ सरळ बसतो, डांबरावरच्या रेसच्या अगदी उलट. नवखा पडतो तो वळणात ॲक्सिलेटर एकदम सोडल्यामुळे. तोवर घसरणारं मागचं चाक अचानक पकड घेतं आणि गाडी त्याला फेकते. जांभ्याच्या मातीवर वर सुटे खडे असतात, खाली कडक थर. पाणी मारल्यावर पहिली काही मिनिटं ट्रॅक साबणासारखा, मग पकड सर्वांत चांगली, मग पुन्हा धूळ. बघणाऱ्यांनी वारा पाठीवर घेऊन उभं राहावं. वळणाच्या बाहेरच्या कडेला फोटो छान येतात आणि गाड्याही तिथेच येतात, म्हणून कठड्याला टेकू नये. भाग घ्यायचा असेल तर गुडघ्याच्या खालपर्यंतचे बूट, गुडघे-कोपर-छातीचं संरक्षण आणि पूर्ण तोंडाचं हेल्मेट स्वतःचं न्यावं, आयत्या वेळी मापाचं मिळत नाही.

स्लो रेस, म्हणजे पाय न टेकता सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकतो, सोपी वाटते. पहिला गिअर, ॲक्सिलेटर थोडा वर आणि स्थिर, क्लच चावतो त्या जागेवर, वेग फक्त मागच्या ब्रेकने. पुढचा ब्रेक वळलेल्या हँडलवर दाबला की गाडी जागेवर बसते. नजर शेवटच्या रेषेवर, पुढच्या चाकावर नाही. सराव करायचा तर तीन फेऱ्यांनंतर गाडीला विश्रांती, कारण तीच क्लच आंबोली चढणार आहे.

गाडी खोलून पुन्हा जोडून चालू करायच्या स्पर्धेत हात चालवण्यापेक्षा वाटणी महत्त्वाची. ज्याने जो नट काढला त्यानेच तो लावायचा, आणि नट काढल्या क्रमाने कापडावर मांडायचे. घोळ होतो तो चाकाचा स्पेसर खाली राहण्याने, नाहीतर टाकी बसवताना तिच्यातल्या फ्युएल पंपाचा कनेक्टर न जोडल्याने. सगळं जोडून होतं, बटण दाबलं जातं, आणि इंजिन नुसतं फिरत राहतं.

परत निघावं ते सोमवारी. रविवारी संध्याकाळी निघालेल्यांना अंधारात घाट लागतो आणि तीन रात्रींची झोप डोळ्यांवर असते. बांदा-इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे, परवान्याशिवाय गोव्याची बाटली बॅगेत नको. कागदपत्रं, पीयूसीसकट, डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, फक्त नाक्यावर फोनची बॅटरी असली पाहिजे. कोल्हापूरच्या पुढे झोप आली तर चहाने जात नाही. हेल्मेट काढून पंधरा मिनिटं आडवं व्हावं. खंबाटकीचा बोगदा संपताच उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण आहे, बोगद्यातच वेग कमी करावा. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकच्या पुढे राहू नये. न्यूट्रलमध्ये सोडलेला, ब्रेक तापलेला ट्रक मागून येतो तेव्हा आरशात तो वेगळा दिसत नाही.

घरी आल्यावर गाडी लगेच प्रेशरने धुऊ नये, जांभ्याची धूळ पाण्याच्या जोराने बेअरिंगमध्ये आणि चेनच्या सीलमध्ये जाते. आधी ब्रशने कोरडी झाडावी. एअर फिल्टर काढून बघावा, कागद तांबडा झाला असेल तर झटकत न बसता बदलावा. चेन रॉकेलने धुवावी, बादलीत पडणारं रॉकेल तांबडं यायचं थांबेपर्यंत, आणि मग पुसून, वाळवून वंगण.