डर्टी डेव्हिल आणि बाबांची तुरटी

"सरकारी जमीन आहे आणि कुणी अतिक्रमण केलं नाही?" अमेरिकेत युटा राज्यातल्या हँक्सव्हिलजवळ नदीकाठी गाडी थांबली तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न हा होता. इथे बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) नावाच्या सरकारी जमीन खात्याची मैलोन् मैल जमीन पडलेली आहे. साधारणपणे 14 दिवस फुकट तंबू ठोका, कुणी विचारत नाही. सोयही काही नाही. नळ नाही, संडास नाही, शौचाची पिशवीसुद्धा बांधून परत न्यायची. ती माहिती मी बाबांना मुक्कामावर पोचल्यावरच दिली, हे कबूल करतो.

नदीचं नाव डर्टी डेव्हिल. 1869 साली कोलोरॅडो नदीतून होड्यांनी मोहीम काढणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलच्या तुकडीने ठेवलेलं. पुढे ग्रँड कॅन्यनमध्ये नितळ ओढा लागला, त्याला त्यांनी ब्राइट एंजल म्हटलं. फ्रीमाँट आणि मडी क्रीक मिळून ही नदी होते, असं सांगितल्यावर आमचे कराडकर बाबा म्हणाले, "म्हणजे प्रीतिसंगमच की!"

संध्याकाळी डिकी उघडली आणि पोटात गोळा आला. कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांनी 26 लिटरच्या कॅनची तोटी सैल झाली होती. पाणी सगळं झोपायच्या पिशव्यांनी पिऊन टाकलेलं. अंधारात त्या रस्त्याने गावाकडे परत जायची माझी हिंमत नव्हती. महागडा फिल्टर काढला, तर दोन कप पाणी देऊन तो गाळाने तुंबला. नदीचं पाणी म्हणजे दूध जास्त झालेला चहा!

बाबा काही न बोलता दाढीचं सामान घेऊन आले. आठवडाभर मी ज्या तुरटीवरून त्यांची थट्टा करत होतो, तोच खडा.

"दाढीची?" बायको.

"धुतलीय गं."

बादलीत खडा सात-आठ वेळा गोल फिरवला, पाणी ढवळलं आणि म्हणाले, "आता हात लावू नका." टॉर्चच्या उजेडात आम्ही तिघं बादलीभोवती उकिडवे बसलो. आधी पाणी फाटल्यासारखं झालं. मग चिखलाचे बारीक पुंजके एकमेकांना चिकटत सावकाश खाली बसू लागले. अर्ध्या तासाने वरचं पाणी नितळ! तुरटीने जंतू मरत नाहीत, म्हणून खळखळून उकळलं. खिचडी जराशी मचूळ लागली, पण मी दोनदा घेतली.

सकाळी राफ्टिंगवाली दोन पोरं भेटली. तीही तुरटीच वापरतात म्हणे, इथल्या किराणा दुकानात मसाल्यांच्या फळीवर मिळते. मी हे बाबांना भाषांतर करून सांगायला नको होतं.

पुढचे चार दिवस गॉब्लिन व्हॅली, कॅपिटल रीफ वगैरे झालं. कराडच्या ग्रुपवर मात्र फोटो एकच गेला : बादलीच्या तळाचा चार बोटं गाळ.