माझा अनुभव : जुना सी कोड, नवा जीसीसी आणि ‘वॉर्निंग म्हणजे एरर’

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला आणि आमचा नेटवर्किंगचा जुना सी कोड रॉकी लिनक्स ९ वर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे जीसीसी हा कंपायलर (सी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ४.८ वरून थेट ११. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा ‘डब्ल्यू-एरर’ फ्लॅग आधीपासून होता, त्यामुळे नव्या कंपायलरच्या नव्या वॉर्निंग्ज येताच, कोडची एक ओळही न बदलता पहिलाच बिल्ड आडवा झाला.

टीममधून सल्ला आला, फ्लॅग काढून टाक, रिलीज तोंडावर आलीय. मला ते पटलं नाही. एकदा काढलेला हा फ्लॅग परत लावायला कुणालाच सवड होत नाही, आणि वॉर्निंग्जचा ढीग साचला की त्यातली कामाची एखादी कुणी वाचत नाही.

आधी बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ला ‘के’ (एरर आली तरी पुढे जा) ऑप्शन देऊन बिल्ड शेवटपर्यंत जाऊ दिला आणि लॉग फाइलमध्ये घेतला. जीसीसी वॉर्निंगच्या ओळीअखेर चौकटी कंसात तिचं नाव देतो. त्या नावांवर ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ चालवलं की कुठला प्रकार किती, ते लगेच कळतं. मग प्रत्येक प्रकाराला ‘नो-एरर’ लावला : वॉर्निंग दिसते, पण बिल्ड थांबत नाही. एकेक प्रकार निस्तरायचा आणि त्याची सूट काढून घ्यायची.

सगळ्यात मोलाचा निघाला ‘इम्प्लिसिट-फॉलथ्रू’ : स्विचमधल्या एका केसच्या शेवटी ब्रेक नसला की पुढच्या केसचा कोडही चालतो, त्याबद्दलची ही वॉर्निंग. जीसीसी ७ पासून तो ‘एक्स्ट्रा’ या जादा वॉर्निंग्जच्या संचात आहे, जुन्या कंपायलरला त्याचा पत्ताच नव्हता. बहुतेक ठिकाणी ब्रेक मुद्दाम गाळलेला होता, तिथे ‘फॉलथ्रू’ अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं. पण लिंक डाउनच्या (पोर्टचं कनेक्शन तुटल्याच्या) केसमध्ये तो खरंच राहून गेला होता, आणि पोर्ट पडला की त्याचे काउंटरही शून्य होत होते. काउंटर अचानक शून्य होतात ही ग्राहकाची तक्रार कधीपासून उघडी होती!

‘फॉरमॅट-ट्रंकेशन’ने, म्हणजे मजकूर बफरमध्ये न मावता कापला जाईल या वॉर्निंगने, वेगळं शिकवलं. १२ बाइटच्या बफरमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट-’ आणि पुढे लूपचा आकडा. कंपायलर म्हणे, शेवटचा शून्य बाइट धरून ७ ते १६ बाइट लागू शकतात. बरोबरच होतं, कारण इंट टाइपचा आकडा दहा अंकी होऊ शकतो. बफर वाढवण्यापेक्षा आकड्याचा टाइप १६ बिटांचा अनसाइन्ड केला; पाच अंकांच्या वर जाणं शक्यच नाही, ११ बाइटांत काम भागतं. वॉर्निंग गेली आणि कोडही खरं बोलू लागला.

बाहेरच्या लायब्ररींचे हेडर ‘आय-सिस्टिम’ ऑप्शनने घेतले, म्हणजे त्यांच्या वॉर्निंग्ज आपल्या गळ्यात पडत नाहीत. ओपनएसएसएल ३ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने जुनी फंक्शन्स डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नयेत अशी) ठरवलीत. त्या वॉर्निंगची सूट मात्र अजून ठेवलीय, ते काम वेगळंच आहे.

‘डब्ल्यू-एरर’ आता फक्त आमच्या सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) चालतो, ठरलेल्या व्हर्जनच्या कंपायलरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात. ग्राहकाला जाणाऱ्या सोर्समध्ये तो बंद असतो. लिनक्स कर्नलमध्येही २०२१ साली ५.१५ च्या वेळी तो सरसकट चालू केला होता, पण काही दिवसांतच डिफॉल्ट फक्त कंपाइल-टेस्टच्या (कोड कंपाइल होतो का एवढंच तपासणाऱ्या) बिल्डपुरता ठेवावा लागला. ग्राहक कुठला कंपायलर वापरेल हे आपल्या हातात नसतं. त्याचा बिल्ड आपल्या शिस्तीपायी अडता कामा नये.