काच खाली, इंजिन बंद

दुपारी तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं, काच खाली केली. समोरच्या राखी बगळ्याने मान किंचित वळवली आणि पुन्हा पाण्यात लक्ष घातलं. इतक्या जवळ मी पायी गेले असते तर स्वारी केव्हाच पलीकडच्या काठाला गेली असती. गाडीचं पाखरांना फारसं काही वाटत नाही. दार उघडून दोन पाय बाहेर आले, की मग सगळं तळं फडफडतं. पत्र्यात गुंडाळलेला माणूस त्यांना चालतो.

गाडीतून पक्षी बघण्याच्या या प्रकारात एक मूळचा अन्याय आहे. तळं गाडीच्या एकाच बाजूला असतं. लहानपणी मागच्या सीटवर मी आणि दादा. जाताना तळं त्याच्या खिडकीत, परतताना आपोआप माझ्या. वाटणी अगदी चोख, असं घरातल्या मोठ्यांचं मत. पण सकाळी ऊन पाठीशी असायचं आणि दादाला रंग दिसायचे. परत फिरेपर्यंत सूर्य तळ्याच्या वर आलेला. मला नुसत्या काळ्या आकृत्या! शेकाट्याचे गुलाबी पायसुद्धा काळे.

‘‘आकारावरून ओळखायला शीक,’’ बाबा स्टिअरिंगवरून सांगायचे. चिडत चिडत शिकले. चांदवा पाण्यावर धावत धावत उडतो, हळदी-कुंकू बदक जागच्या जागी उठतं. पाणकावळा पोहताना अंगाने जवळजवळ बुडालेला, वर फक्त मान. त्याची पिसं भिजतात म्हणून त्याला बुडी सोपी जाते, आणि भिजतात म्हणूनच मग खुंटावर पंख पसरून वाळत बसावं लागतं. दादाला यातलं आजही काही येत नाही.

पक्षी दिसला की यादीत खूण करून पुढे निघणाऱ्या यादीवाल्यांशी मात्र माझं जमत नाही. ‘‘चांदवा झाला, चला पुढे.’’ झाला म्हणजे काय? कमळपक्ष्याची मादी अंडी घालून मोकळी होते, उबवायचं काम नराकडे. टिबुकली तरंगत्या घरट्यातून उठताना अंड्यांवर पाणवनस्पती ओढून घेते. धावत्या गाडीतून यातलं काय दिसणार?

टिबुकलीवर आमची पैजही असते. तिने बुडी मारली की ती कुठे वर येणार, ते बोट दाखवून सांगायचं. दादा म्हणतो डावीकडे, मी म्हणते उजवीकडे. ती बहुतेक वेळा लव्हाळ्यात निघून जाते आणि आम्ही दोघं आपण जिंकलो असं समजतो.